कालवण सगळ्यात शेवटी

वर्षाचा फोन आला तेव्हा मी लालबागच्या बाजारात एका सुरमईचे कल्ले उघडून पाहत होतो. रविवारची सकाळ होती. वर्षा, माझी बायको, आदल्या रात्री तिच्या आईकडे झोपायला गेली होती आणि मासे घेऊन मी तिथेच जाणार होतो. "आई गेली रे," एवढंच ती म्हणाली. सकाळचा चहा घेऊन त्या जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत... समोरची कोळीण विचारत होती, तुकडे पातळ करू की जाड? मी तिला काय झालं ते सांगितलं. तिने सुरी बाजूला ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि थोडा वेळ दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकाकडे बघितलंच नाही. मी सुरमई तिथेच ठेवून चाळीकडे चालायला लागलो. चौदा वर्षांपूर्वी याच बाजारातून मी नाकाला रुमाल लावून पळ काढला होता. त्याच माणसाला ही बातमी हातात सुरमई असताना मिळावी, हे सगळं कर्तृत्व त्या गेलेल्या बाईचं.

सुलोचना हे त्यांचं नाव. चाळीत सगळे सुलूताई म्हणत, मी आई म्हणायचो. माहेर आणि सासर दोन्ही मालवणकडचं, नवरा गिरणीत, आणि आयुष्य लालबागच्या दोन खोल्यांत. मी सातारकडचा. आमच्या गावात मटण म्हणजे जेवण आणि मासा म्हणजे एसटी स्टँडमागच्या सुकटवाल्याच्या पोत्यातून येणारा वास. नोकरीसाठी मुंबईत आलो, ऑफिसात वर्षा भेटली, लग्न झालं. तिने घरी सांगितलं होतं की मी मटण खातो. आईंनी त्याचा अर्थ असा लावला की मी सगळं खातो. लालबागमधल्या माणसाला मटण खाणारा पण मासा न खाणारा माणूस असतो हे खरंच वाटत नाही.

लग्नानंतरचं पहिलं जेवण. पाट, रांगोळी, उदबत्ती. मानाच्या पाहुण्याला माशाचं डोकं वाढायचं अशी त्यांच्याकडची पद्धत. त्या दिवशी बाजारातली सगळ्यात मोठी सुरमई आली होती आणि तिचं डोकं, अख्खंच्या अख्खं, कालवणातून वर येऊन माझ्या वाटीत बसलं होतं. डोळा माझ्याकडे. घरातली सगळी माणसं कौतुकाने बघत होती, जावई कुठून सुरुवात करतो ते. मी सुरुवात केली ती उठण्यापासून. भरल्या ताटावरून उठलो, मोरीत गेलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही. बाहेर आलो तेव्हा वाटी उचललेली होती आणि माझ्यापुढे दही-भात होता.  

त्यानंतर नायगावच्या आमच्या घरात मासा आला नाही. मी तसं कधी म्हटलं नव्हतं, पण म्हणायची गरजही ठेवली नव्हती. वर्षा रविवारी माहेरी जाऊन जेवायची आणि संध्याकाळी परत यायची. आपली बायको रविवारी एवढी खुशीत का येते, यापलीकडे मी कधी विचार केला नाही. हे पुढचं मला आईंनी खूप वर्षांनी सांगितलं. निघताना वर्षा मोरीत उभी राहून बोटांना लिंबू चोळत राहायची. एकदा, दोनदा, नखांच्या आत. आईंनी विचारलं तर म्हणाली, त्याला वास आवडत नाही ना. "माझी पोर माझ्याच घरात चोरून खाल्ल्यासारखी खात होती, जावईबापू," आई म्हणाल्या. "मासो खावचो तर आपल्या घरात, आपल्या ताटात. पाहुणी होऊन कसला खायचा?" त्या दिवशी त्यांनी ठरवलं की पोरीचं ताट तिच्या स्वतःच्या घरात भरायचं. त्यासाठी आधी जावयाला सरळ करणं आलं.

एका रविवारी त्या स्वतःच पिशवी घेऊन आमच्या दारात उभ्या. बसल्या, पाणी प्यायल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या. म्हणाल्या, चूक माझी झाली. मान द्यायच्या नादात मी तुम्हाला काय आवडतं ते विचारलंच नाही. आता विचारते. माशातलं नेमकं काय नको वाटतं? मी म्हटलं वास, काटे आणि डोळा. त्यांनी मान डोलावली, डॉक्टर पेशंटचं ऐकून डोलावतो तशी. मग म्हणाल्या, तिन्ही काढू, पण एकेक. ज्याच्या मनातच नाही, ज्याच्या घरच्या रीतीत बसत नाही, त्याला मी आग्रह करणार नाही. पण तुम्ही नुसतेच घाबरलेले आहात. हे वर्षासमोर म्हणाल्या, त्यामुळे मला हो म्हणावंच लागलं.

त्यांची पद्धत अशी होती, आणि ती इथे लिहून ठेवण्यासाठीच खरं तर मी हा लेख लिहायला बसलो. सुरुवात स्वयंपाकघरात नाही, बाजारात. ताज्या माशाला वास येत नाही, हे त्यांनी मला सांगितलं नाही, हुंगायला लावलं. कल्ला उचलला की आत लाल दिसला पाहिजे, अंगावर बोट दाबलं की खड्डा राहता कामा नये. घरी आणून मीठ-हळद आणि कोकमाचं आगळ, म्हणजे आंबट रस, चोळून पंधरा मिनिटं ठेवायचा, सुटलेलं पाणी फेकून द्यायचं आणि तुकडे कपड्याने कोरडे टिपायचे. लोक ते पाणी तसंच ठेवतात, वास त्या पाण्यात असतो, असं त्यांचं म्हणणं. मग सुरमईच्या मधल्या काट्याच्या दोन्ही बाजूंचं मांस काढून बोटाएवढे तुकडे. आलं-लसूण, थोडं तिखट, वरून तांदळाचं पीठ आणि रवा, आणि चांगल्या तापलेल्या तव्यावर कमी तेलात. डोळा नाही, काटा नाही, वास नाही. आणि सोबत साधं वरण-भात. "कालवण सगळ्यात शेवटी," त्या म्हणायच्या. "पहिल्याच दिवशी कालवण वाढलं की माणूस पळतो. तुम्ही पळालात की."

आणि एक नियम घरातल्या बाकीच्यांसाठी. खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. कसं झालंय, विचारायचं नाही. मी पहिला तुकडा खाल्ला तेव्हा आई ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या आणि वर्षाला दुधाच्या पिशव्यांविषयी काहीतरी विचारत होत्या. मी दोन तुकडे खाल्ले आणि तांब्याभर पाणी प्यालो. त्या पुढच्या रविवारी पुन्हा आल्या.

हे सगळं सरळ गेलं असं नाही. पाच-सहा रविवारांनंतर मी चार-चार तुकडे खायला लागलो आणि आईंचा धीर सुटला. त्यांनी एकदम बांगडा आणला, अख्खा, तिरफळ, म्हणजे कोकणातलं उग्र वासाचं मसाल्याचं फळ, घालून. पहिल्याच घासाला काटा हिरडीत घुसला. मी पुन्हा रुमालवाला झालो, दोन आठवडे अंडी खाल्ली. दुसरं कुणी असतं तर माझ्यावर चिडलं असतं. त्या स्वतःवर चिडल्या. "पोर बाराखडी शिकता हा आणि मी तेका धडो वाचूक दिलो," असं त्या वर्षाला फोनवर म्हणाल्या, ते मला बाजूला बसून ऐकू येत होतं. पुढच्या वेळी त्या पुन्हा सुरमईच्या बोटांवर आल्या. तिथून कोलंबीचा भात, कारण कोलंबीला काटा नसतो आणि भात ओळखीचा असतो. मग बोंबील. चिरून, उघडून, पाट्याखाली दाबून त्यांतलं पाणी काढलेले आणि इतके कुरकुरीत तळलेले की मधला काटाही चावून जातो. तो काटा मी खाल्ला हे मला खाऊन झाल्यावर कळलं. आमची मुलगी ईरा खाण्याच्या वयाची झाली तेव्हा उकडलेला मासा बोटांनी कुस्करून, एकेक काटा चाचपून काढून, बटाट्यात मिसळून कटलेट. ते तिच्याआधी मीच संपवायचो.

आणि मग तो बुधवार. ऑफिसातून येताना मी दादरला उतरलो आणि कुणी न सांगता, माझ्या मनाने, पापलेटं घेतली. कालवणासाठी. वर्षाने दार उघडलं, पिशवीत डोकावली आणि पिशवी तशीच हातात धरून आईला फोन लावला. काय बोलणं झालं ते मला नीट कळलं नाही, कारण दोघी एकाच वेळी बोलत होत्या. त्या रात्री वर्षा आपल्या घरात, आपल्या ताटात मासे-भात जेवली. जेवण झाल्यावर तिने साध्या पाण्याने हात धुतले. दुसऱ्या दिवशी कळलं की लालबागला आईंनी सबंध मजल्यावर साखर वाटली होती. लोकांनी विचारलं, नातू झाला का? त्या म्हणाल्या, जावई झाला.

त्यानंतर त्यांची कीर्तीच पसरली. कुणाची नागपूरकडची सून, कुणाचा दिल्लीत वाढलेला भाचा, कुणाचा फक्त नूडल्स खाणारा मुलगा... लोक आपापला नाक मुरडणारा माणूस घेऊन त्यांच्याकडे यायचे. त्या आधी विचारायच्या, नेमकं काय नको वाटतं? आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, हे बघा, हे ताटावरून उठले होते. मी मान खाली घालून बोंबील खायचो. शेवटच्या वर्षी गुडघ्यांनी साथ सोडली, तेव्हा त्या खुर्चीवर बसून सूचना द्यायच्या आणि तव्यापुढे मी. साताऱ्याचा माणूस लालबागच्या चाळीत मालवणी बायकांना सुरमई तळून वाढतोय, हे बघायला शेजारपाजारचे दारात येऊन उभे राहायचे. तेव्हा आईंचा असायचा एवढा विजयी चेहरा मी कुठल्या उमेदवाराचाही पाहिलेला नाही.

त्या गेल्या. तेराव्यानंतर तिखट जेवण करून दुखवटा सोडायचा असतो. नातेवाइकांनी मटण ठरवलं होतं, जावयाच्या गावाकडचे येणार म्हणून. मी म्हटलं, मासेच होतील, आणि मी करीन. त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच पातेल्यात मी कालवण केलं, ओल्या नारळाचं, तिरफळाचं, थेट त्यांच्यासारखं. माणसं बोटं चाटत जेवली. माझी साताऱ्याची आईसुद्धा रस्सा मागून घेऊन जेवली. वर्षाने सगळ्यांना वाढलं आणि स्वतःच्या ताटात फक्त डाळ घेतली. म्हणाली, नको. मला वाटलं, आज नको असेल. पण पुढच्या रविवारीही नको, त्याच्या पुढच्याही. तुम्ही दोघं खा ना, म्हणायची. चौथ्या रविवारी मी बाजारातच गेलो नाही. आईंनी इतक्या वर्षांत मिळवलेलं ताट पाच आठवड्यांत पुन्हा रिकामं झालं होतं, आणि या वेळी मी नाक मुरडलं नव्हतं.

मला खूप उशिरा कळलं की मी आईंचीच चूक केली होती. मान द्यायच्या नादात, न विचारता, सगळ्यात अवघड तेच आधी वाढलं होतं. मग मी वर्षाला विचारलं, नेमकं काय नको वाटतं?  "तिरफळ पडलं की आई ओट्याशी उभी असल्यासारखी वाटते," ती म्हणाली. "आणि वळून बघितलं की तू असतोस."

तेव्हा मागच्या रविवारी मी असा मासा केला, जो मालवणात कुणी केला नसेल आणि करणारही नाही. ना नारळ, ना कोकम, ना तिरफळ. गावाहून आलेली कांदा-लसूण चटणी, सुकं खोबरं, तीळ, आणि त्यात घोळवलेली सुरमई. घरभर मटणाचा वास. मी ईराशी तिच्या गणिताच्या वहीबद्दल बोलत राहिलो. मागे वर्षा केव्हा येऊन उभी राहिली, कळलं नाही. तिने तव्यातला एक तुकडा उचलला, चावला आणि मला विचारलं, हे काय केलंयस? मी म्हटलं, मासा. ती हसायला लागली. आई गेल्यापासून पहिल्यांदा, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाली, आईने हे बघितलं असतं तर तुला घराबाहेर काढलं असतं. मग तिने माझ्या हातातलं उलथणं घेतलं.

"सरक बाजूला. तवा तापलाय कुठे अजून?"

उरलेले सगळे तुकडे तिने तळले. दोन तिथेच उभ्या उभ्या खाल्ले, मग ताट घेऊन आमच्यात बसली आणि आणखी दोन घेतले. चटणी जास्त झाली असं तीनदा सांगितलं, आणि पुढच्या रविवारी मासे मीच आणणार, तुला निवडता येत नाहीत, असंही.

आई, तुमची पोरगी जेवली.