नकाशातला खडक

चूक माझीच. एवढी शिकले, बोरीवलीत फ्लॅट घेतला, ऑफिसात दिवसभर इंग्रजी झाडते, आणि ऐन वेळी अक्कल गहाण ठेवली.

खाडीकाठच्या आमच्या कोळीवाड्याची हद्द ठरवायची मोजणी चालू होती. आईचा जीव एकाच तुकड्यात अडकला होता, जिथे ती बांबूंवर बोंबील वाळत घालते त्या जागेत. ती हद्दीत आली तर आमची, नाहीतर मोकळी जमीन म्हणून कुणाच्याही घशात. सातबारा नाही, काही नाही. कुणाचे बांबू कुठे, हे वाड्यात सगळ्यांना ठाऊक असायचं. लिहून कोण ठेवणार?

मग मला हौस आली. इंटरनेटवर आमच्या किनाऱ्याचा पोर्तुगिजांच्या काळचा नकाशा सापडला. गोऱ्यांचा जुना कागद पुढे टाकला की साहेबलोक गप्प बसतात, अशी माझी समजूत. नीट न बघताच मोठा प्रिंट काढून अर्जाला जोडला.

सुनावणीला अधिकाऱ्याने त्यावर पेन फिरवलं. "मॅडम, तुम्हीच जोडलाय ना हा? यात चर्च आहे, किल्ला आहे, जहाजं आहेत. तुमचं गाव कुठाय?"

नव्हतं. आमच्या जागी कोरा कागद. माझे कान तापले. नकाशा काढणाऱ्या त्या मेल्याला जहाजाखालच्या लाटा काढायला वेळ होता, समुद्रात शेपटीवाला राक्षस काढायला वेळ होता, आणि आमची घरं तेवढी दिसली नाहीत!

शेजारी बसलेली आई नकाशावर वाकली. तिला वाचता येत नाही. खाडीच्या तोंडाशी एक फुली होती, तिच्यावर तिने बोट ठेवलं.

"ह्यो आमचा खडक."

"हो, खडकाचीच खूण आहे," अधिकारी म्हणाला.

"साहेब, ह्यो भरतीला दिसत नाय, ओहोटीला पन नाय. आमच्या होडीवाल्यांनाच ठावं. मंग त्या गोऱ्याला कोनी सांगला?"

त्याने त्या फुलीकडे पुन्हा एकदा बघितलं. मग फाईल मिटत म्हणाला, "मावशी, तोंडी पुरावा चालत नाही."

"त्याला चालला," आई म्हणाली.

जागा हद्दीबाहेर गेली. नकाशा परत मागितला, तर म्हणाले, रेकॉर्डला लागेल.