ऑपरेशनच्या सकाळचं पाणी

बायकोच्या छातीतली गाठ दुर्बिणीने काढायची ठरली, तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी आम्हाला बजावून सांगितलं होतं : जेवण रात्रीच बंद, साधं पाणी मात्र हॉस्पिटलात येईपर्यंत चालेल, उलट प्यावंच. मी "येस, येस, थँक्यू" म्हणालो. नववीत शाळा सुटलेला मी, इथे न्यूझीलंडमध्ये टौरंगाच्या पॅकहाउसमध्ये किवीची फळं निवडतो. इथे कुणी नीट बोललं की मला आभार मानायचीच घाई.

कळलं नव्हतं असं नाही. पटलं नव्हतं. आमच्याकडे ऑपरेशन म्हणजे पाण्याचा थेंबही नाही. सकाळी तिने पेला भरला, तो मी हातातून काढून घेतला.

"अहो, बाईंनी प्यायला सांगितलंय."

"त्यांचं राहू दे. आत उलटी झाली तर?"

"ऑपरेशन माझं आणि धडधड तुम्हाला!" ती हसली. पण प्यायली नाही. गाडीत ओठांवरून जीभ फिरवत बसली होती.

दुपारी बाई बाहेर आल्या. गाठ निघाली होती, बायको ठीक होती. मध्ये मात्र थांबावं लागलं होतं. कॅमेऱ्याला दिसावं म्हणून बरगड्यांमधल्या छिद्रातून छातीत गॅस भरतात, त्याने फुप्फुस आकसतं. पण तोच दाब हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरांवरही येतो. हिच्या हृदयात रक्त पोचेना, बीपी एकदम कोसळलं. त्यांनी गॅस सोडून दिला, सलाइन भरभर चढवलं आणि बीपी सावरल्यावर कमी दाबाने पुन्हा सुरुवात केली.

"सकाळी पाणी प्यायली होती ना? अंगात पाणी कमी असलं की हे जास्त जाणवतं."

येस अगदी ओठांवर आलं होतं.

"नो. मीच पिऊ दिलं नाही."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, भरपूर पाणी प्यायलेल्यांचंही बीपी उतरतं, नक्की कशामुळे ते सांगता येणार नाही. ते 'नक्की' अजून माझ्या मानेवर बसलंय.

संध्याकाळी ती नीट शुद्धीवर आल्यावर मी तिला सगळं सांगितलं.

"पाणी द्या."

"थांब, नर्सला विचारतो."

"आता विचारा! तेव्हा बाईंनी न विचारता सांगितलं, ते ऐकलं नाहीत."

नर्स हो म्हणाली. मी पेला भरून तिच्या ओठांपाशी नेला. तिने मान वळवली.

"तिथे ठेवा. मी घेते."

सुई टोचलेल्या हाताने तिने तो हळूहळू उचलला. मी नुसता उभा राहिलो.