दोन बॅगांमधली वीत

पेडणे स्टेशनवर गेलो की मी माणसांचे चेहरे बघत नाही, चाकं बघतो. मुलगी म्हणते, बाबा, मान वर करा, लोक काय म्हणतील. मान वर होत नाही. दोन बॅगा एकीमागे एक बांधून कुणी चाललेलं दिसलं, की मधलं अंतर नजरेने मोजल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, आणि अंतर चुकलेलं असेल तर डोकं तापतं. डॉक्टरांनी तापायला मनाई केलेली आहे.

कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती तेव्हाची ही गोष्ट. पेडण्याच्या बाजारात माझी बॅगा दुरुस्त करायची टपरी होती. चेन बसवणे, मूठ बदलणे, फाटलेला कोपरा शिवणे. त्याआधी कितीतरी वर्षं मी डिचोलीच्या बाजूला खाणीच्या ट्रकवर काढली होती. टपरी मला कुणी दिली नाही, मशीनही दिलं नाही. ते डिचोलीतल्या एका शिंप्याकडून जुनं घेतलं. तीन वेळा भाव मोडून उठलो, चौथ्या वेळी मी सांगितलेल्या किमतीत उचललं. शिंपी म्हणाला, तू माणूस आहेस की जळू. मी म्हटलं, मशीनला तेल घालून दे.

त्या दिवसांत चाकं असलेल्या बॅगा आमच्याकडे नव्याने आल्या होत्या. खाली चार बारकी चाकं आणि एका टोकाला ओढायचा पट्टा. एक बॅग असली तर ठीक, पण आमचं माणूस एक बॅग घेऊन कधी निघतं? चतुर्थी करून मुंबईला परतणाऱ्याकडे एक कपड्यांची, दुसरी उकड्या तांदळाची, तिसऱ्या बॅगेत आमसुलं, कुळथाचं पीठ आणि काजू. आखातात जाणाऱ्याचंही तेच. स्टेशन गावापासून लांब, हमाल शोधून मिळायचा नाही.

एकदा तोरश्याची एक बाई टपरीत येऊन बसली ती उठेनाच. कुवेतला कामाला निघालेली, एकटी, बरोबर तीन बॅगा. म्हणाली, दोन बॅगा एका हाताने ओढता येतील असं काहीतरी करून द्या. एका खांद्यावर तिसरी घेईन, पण एक हात मोकळा पाहिजे. कागद कोण धरणार? मी सांगितलं, असं काही होत नाही. ती म्हणाली, होत नाही तर करा, मी बसते.

आधी मी मुठीला मूठ बांधली. पोस्टाच्या वळणावर मागची बॅग तोंडावर आपटली. मग पट्टा लांब केला, तेव्हा ती झोकांड्या खात भाजीच्या टोपलीत शिरली. भाजीवालीने माझा उद्धार केला, बाजार हसला. त्या हसण्याने माझं डोकं असं भडकलं, की आता ही बॅग सरळ चालल्याशिवाय मी जेवणार नव्हतो.

मला आठवला माझा बाप. लाटंबार्श्याला आमचं शेत होतं. कोवळा बैल शिकवायचा असला की बाप त्याला जुन्या बैलाच्या मागे चालवायचा. दोर गळ्यातून नाही घ्यायचा, खालून छातीपाशी घ्यायचा, दोन दोर, आणि मधे त्यांची फुली मारायची. जुना बैल डावीकडे वळला की फुलीमुळे मागच्यालाही वळावंच लागायचं. बाप म्हणायचा, लांब सोडलास तर तो मस्ती करील, जवळ धरलास तर लाथ खाईल. मधे एक वीत.

ट्रकच्या ताडपत्रीला लावतात ती जाड पट्टी माझ्याकडे पडलेली होती. पुढच्या बॅगेच्या तळापासून दोन पट्ट्या काढल्या, मधे फुली मारली, मागच्या बॅगेच्या तळाला नेऊन बांधल्या. मधे माझी एक वीत ठेवली. बाईने पट्टा धरला आणि चालायला लागली. पोस्टाचं वळण आलं, पुढची वळली, मागची वळली. पाव विकणारा पोदेर सायकल थांबवून बघत राहिला. कुणीतरी ओरडलं, गार्डाचा डबा कुठे आहे? बाईने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिचा एक हात मोकळा होता आणि तो तिने तसाच हलवत नेला, मुद्दाम.

त्यानंतर लोक फुली मारायला यायला लागले. असंच म्हणायचे, फुली मारून द्या. पट्टी तयार मिळायची नाही. बॅगा घेऊन या, समोर उभे राहा, मी तळ बघून कापणार आणि शिवणार. सावंतवाडीकडचेही येऊ लागले.

आणि मग तो आला. तो म्हणजे माझाच जुना सोबती. खाणीच्या एकाच ट्रकवर आम्ही पाळीपाळीने चालवलेलं, एकाच डब्यातलं खाल्लेलं. पुढे त्याने लग्न चांगल्या घरात केलं आणि सासऱ्याच्या जोरावर तुयेला शेड घेतली. कापडी पिशव्या शिवायचा कारखाना. कामगारांनी पात्रांव, म्हणजे मालक, म्हटलेलं त्याला आवडायचं. मी कधी म्हटलं नाही.

त्याला मोरजीच्या हॉटेलांना पट्ट्या पुरवायच्या होत्या. परदेशी पाहुणे चार चार बॅगा घेऊन उतरतात, रिसेप्शनवर पट्टी विकायला ठेवू, असा त्याचा बेत. मी म्हटलं, शिवीन मी, विक तू. तो म्हणाला, तुझ्या एका मशीनवर किती होणार, नमुना दे. मी भाव सांगितला. त्याने निम्मा केला. मी पट्टी गुंडाळून ठेवली. तो उठला. भाव करताना गिऱ्हाईक उठतं हे काय मला कुणी शिकवायला हवं? मी सुई ओवत बसलो. तो गाडीपाशी गेला, दार उघडलं आणि तिथूनच शांतपणे म्हणाला,

"तसो हो पट्टो उताराक टिकचो ना रे."

इथे गप्प बसायला हवं होतं. आयुष्यभर भाव केले, माल उघडा करायचा नाही एवढं मला कळत होतं. पण टिकचो ना? मी उठलो, पट्टी सोडली, दोन बॅगा पुढ्यात घेतल्या आणि त्याला दाखवत गेलो. तळापासून कशी घ्यायची, फुली कुठे येते, कुठली पट्टी वर, कुठली खाली. मधे एक वीत, बस, आता ने उतारावर. त्याने नेली. चढावरही नेली. परत आणून ठेवली, बघूया म्हणाला आणि गेला.

दोन महिन्यांनी मोरजीच्या दुकानांत पट्ट्या लटकत होत्या. चकचकीत पाकिटात, वर इंग्रजी नाव, खाली त्याच्या कारखान्याचं.

मी तुयेला जाऊन गेटवर बोंब मारली. तो बाहेर आला, हाताला खडू लागलेला. म्हणाला, "पट्ट्याक पट्टो बांधपाक कोणाची परवानगी लागता?" मी आणखी मोठ्याने ओरडलो.

खपाचं मला एवढं लागलं नाही. पेडण्यात माझी गिऱ्हाइकं होतीच. लागलं ते वेगळंच. एक दिवस टपरीवर एकजण आला आणि म्हणाला, ती तुयेवाल्यांची फुली असते ना, तशी तुम्ही पण बांधता काय? तशी. तुम्ही पण. मी त्याची बॅग रस्त्यावर ठेवली. त्या दिवसापासून मला एकच हवं होतं. त्याने चारचौघांत सांगावं की हे याचं आहे. रस्त्याने चालताना मी मनात त्याच्या तोंडी ते वाक्य घालून बघायचो. जेवताना, तोंड धुतानाही घालायचो. बायको म्हणायची, कुणाशी बोलताय? मी म्हणायचो, तोंड धुतोय.

मोसम संपता संपता तो टपरीवर आला. गाडी लांब लावून, चालत. पट्ट्या परत येत होत्या. सपाट जागी बरं चालायचं, जरा उतार आला की मागची बॅग डुलायची, पुढचीच्या चाकांवर चढायची, मग दोन्ही आडव्या. त्याने जाड पट्टी लावून बघितली, बक्कल बदललं, काही होईना. बरोबर दोन बॅगा आणल्या होत्या, त्या त्याने बाजारातून ओढून दाखवल्या.

मला एका नजरेत कळलं. मधे नऊ इंच होते. वीत म्हणजे नऊ इंच, शाळेत शिकवतात तेच त्याने धरलं होतं. पण माझी वीत नऊ इंचांची नाही. खाणीवर असताना ट्रकच्या फाळक्यात माझा अंगठा सापडला, पहिलं पेर गेलं. ट्रक तेव्हा हाच चालवत होता. माझी वीत आखूड आहे हे तोवर मला स्वतःलाच कधी सुचलं नव्हतं, तर त्याला काय सुचणार.

मी हात खिशात घातला आणि सौदा सुरू केला. त्याने एक रक्कम सांगितली, मी मान हलवली. वाढवली, तरी हलवली. शेवटी म्हणाला, मग तुला पाहिजे तरी काय. मी सांगितलं. तुझ्या शेडमध्ये, तुझ्या माणसांसमोर, हा पट्टा याचा आहे, माझा नाही, एवढं बोल. दोष काय आहे ते तिथेच दाखवतो. तो जरा हसला. एवढंच? म्हणाला. मला वाटलं, फार स्वस्तात दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटरने तुयेला गेलो. शेडमध्ये दहा-बारा बायका मशीनवर होत्या, बऱ्याचशा पलीकडच्या सिंधुदुर्गातल्या, बसने येणाऱ्या. त्याने टाळी वाजवली, मशीनं थांबली. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, हे माझे जुने सोबती, आपल्याला थोडी मदत करायला आलेत.

मदत. थोडी. मी त्याचा हात खांद्यावरून काढला. म्हटलं, ठरलं होतं ते बोल. तो हळूच म्हणाला, बोललो ना, आता दाखव. मी निघालोच होतो. दारापर्यंत गेलो होतो. तेवढ्यात कोपऱ्यातल्या मशीनवरची एक बाई, खाली बघत, दोरा दाताने तोडत म्हणाली,

"फुली ह्येंचीच मां? माज्या भावाक ह्येनींच बांदून दिल्यानी. मस्कताक गेलो तेवा. अजून तशीच आसा."

बाकीच्या बायका त्याच्याकडे बघायला लागल्या. त्याने पंख्याकडे बघितलं. दुसऱ्या एकीने विचारलं, मग पात्रांव, आम्ही गेले सात महिने यांचंच शिवतोय काय? तो म्हणाला, कामाचं बोला.

मी परत फिरलो, पण त्याच्याकडे नाही, त्या कोपऱ्यातल्या बाईकडे. तिच्या टेबलावर हात पसरून ठेवला. म्हटलं, मधे एवढंच ठेवायचं, नऊ इंच नाही, हे. तिने खडू घेतला. माझा आखूड अंगठा बघून जरा थांबली.

"काकानू, आंगठो आखो धरू काय असोच?"

"असोच," मी म्हटलं.

तिने दोन रेघा मारल्या. बाकीच्या बायका उठून बघायला आल्या, एकीने आपला हात माझ्या हाताशेजारी ठेवून पाहिला. तो तिथेच उभा होता आणि सगळं फुकटात बघत होता. ते मला दिसत होतं, तरी मी हात उचलला नाही.

चहा आला, घेतला नाही. तो गेटपर्यंत मागे आला. विचारलं, काय देऊ ते सांग, असं रिकामं जाऊ नकोस. मी स्कूटरला किक मारली, ती लागली नाही. परत मारली.

"आत जा," मी म्हटलं. "फुलीबद्दल तिने म्हटलं ते तू म्हण. मी आहे इथे."

तो गेट धरून उभा राहिला. आत मशीनं सुरू झाली. स्कूटर तिसऱ्या किकला लागली, तरी मी थोडा वेळ ती तशीच चालू ठेवून थांबलो. मग पेट्रोल जळतंय असं म्हणून निघालो.