गिल्बर्टची जीभ

मढला आमच्या गावठाणात कुणी घर बांधायला काढलं की आधी गिल्बर्टला बोलवायचे. तो काही गवंडी नव्हे, इंजिनियर नव्हे, बोटीवरचा माणूस. पण किनाऱ्याची वाळू विहिरीच्या पाण्याने धुतली की तिच्यातलं मीठ गेलं का, ते तो चिमूटभर वाळू जिभेवर ठेवून सांगायचा. सुक्या मासळीचा खार बघतात ना, तसंच. "गेलं मीठ. ओता स्लॅब," तो म्हणाला की विषय संपला. आज माझी नात श्रुतिका ज्या स्लॅबखाली झोपते, त्याची वाळूही त्यानेच चाखलेली.

मी वनमाला, मूळची मालवणची, लग्न झाल्यापासून त्याची शेजारीण. भांडलो कितीदा तरी, पण माणूस सोन्यासारखा. बायको गेल्यावर लिओनाला एकट्याने वाढवलं. ती शाळेत असतानाच त्याने बापाचं कौलारू घर पाडलं, सागवानी तुळया भंगारात दिल्या. मी किती ओरडले! "लाकडाला वाळवी लागते, वनू. सिमेंट म्हणजे कायमचं," म्हणाला. पुढच्या खोलीच्या छतात सळीलाच कडी बांधली आणि मग स्लॅब ओतला. कडी कशाला, तर लिओनाच्या पोराचा पाळणा टांगायला! पोरगी तेव्हा सहावीत होती हो.

यंदा ते पोर आलं. कार्ल. रविवारी बाप्तिस्मा ठरला. त्याच आठवड्यात अनुपमा नावाची एक आर्किटेक्ट गावात फिरत होती. जुनी घरं चुन्या-लाकडाची, नवी सिमेंटची. खाऱ्या हवेत कुठलं किती टिकतं, याचा तिचा अभ्यास. गिल्बर्टच्या पुढच्या खोलीच्या छताला तिने खालून छोटी हातोडी मारली. आवाज पोकळ आला. कडीभोवती चहा सांडल्यासारखा तांबूस डाग होता. गिल्बर्ट दर नाताळात त्यावर रंग मारायचा आणि तो पुन्हा वर यायचा.

"काका, आतल्या सळया गंजून फुगल्यात. वाळूत मीठ राहिलंय. ही खोली रिकामी करा. पाळणा तर टांगूच नका."

"वाळू मी स्वतः चाखलीय!" गिल्बर्ट भडकला.

"जिभेला कळणार नाही एवढं मीठही सळीला पुरतं. आणि तुमच्या विहिरीचं पाणी तरी कुठे गोडं आहे?"

"तू निघ माझ्या घरातनं."

ती गेल्यावर मी म्हटलं, "एवढा रविवार पोराला खाटेवर झोपव ना रे."

"तुलाही माझी जीभ खोटी वाटते, वनू?"

मी घरी निघाले. जाताना त्या डागाकडे पुन्हा एकदा बघितलं.

रविवारी चर्चहून सगळे आले. खोली माणसांनी भरली. कडीला टांगलेल्या पाळण्याला मोगऱ्याच्या माळा. लिओना कार्लला घेऊन वाकली आणि माझी नजर त्या डागावर गेली.

"थांब गं!" मी ओरडलेच. "आमच्यात बाळाआधी पाळण्यात वरवंटा घालतात."

रीत खरी, पण भीती त्याहून खरी. गिल्बर्ट हसला. "घाल बाई, तुझा दगड आधी."

मी घरून वरवंटा आणला, त्याला कुंची चढवली, पाळण्यात ठेवला आणि झोका दिला. पाळणा एकदा गेला, आला. दुसऱ्यांदा जाताना वर काहीतरी तडकलं. कडी, कडीभोवतीचं काँक्रीट, पाळणा, सगळं धाडकन खाली. वरवंट्याखाली लादीचे तुकडे झाले. लिओना कार्लला छातीशी आवळून किंचाळत होती.

धूळ बसली. वर भोकात सळीचे पापुद्रे लोंबत होते. गिल्बर्ट गुडघ्यांवर बसला, त्याने काँक्रीटचा एक खडा उचलून जिभेवर ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. देवा, तसली नजर मी कधी बघितली नव्हती.

"वनू, काहीच लागत नाही गं. अजूनही मला मीठ लागत नाही."

त्याने दारातून बाहेर बघितलं. गल्लीभर स्लॅबची घरं.

"किती घरांची वाळू चाखली मी?"

मी उत्तर द्यायला थांबलेच नाही. श्रुतिका घरी झोपली होती. मी चपला न घालताच धावत सुटले.