तिसाव्या दिवसाची तपासणी

सर्जरीच्या पहिल्या वर्षी मला थीसिसने पुरतं पछाडलं होतं. बेंबीच्या हर्नियाचे टाके दोन पद्धतींनी घालायचे आणि तिसाव्या दिवशी जखम कशी भरली ते फॉर्मात लिहायचं, एवढाच विषय. पण टाके निघाले की पेशंट गायब. कापूस वेचायचा सोडून कोण येतंय पोट दाखवायला! मग मीच रविवारी एसटीने गावं पालथी घालायचे.

बोरीचे किराणा दुकानदार आप्पा मात्र गुणी पेशंट. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीने घातलेले पहिले टाके त्यांचेच. गुरुवारी फोन केला तर म्हणाले, "जखम एकदम बेस हाय मॅडम. डावी पोटरी तेवढी दुखायलीय." फॉर्मात पोटरीला रकाना नव्हता. "चालत राहा आप्पा, रविवारी येतेच बघायला," म्हणून मी फोन ठेवला. ऑपरेशननंतर पायात रक्ताची गाठ होऊ शकते, ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस उभ्या उभ्या जातो, हे मी परीक्षेत झोपेतही सांगितलं असतं. ते आठवलं शनिवारी, जेवताना. घास तसाच ठेवून फोन लावला, तर बंद. दुसऱ्या दिवशी तिसावा दिवस होता. सकाळीच बोरीवरून जाणारी जिंतूर गाडी धरली.

दारातून आप्पा दिसले आणि माझा जीव भांड्यात पडला. बैठकीत भिंतीला टेकून मांडी घालून बसले होते. नवा सदरा, कपाळभर विभूती, गळ्यात हार, डाव्या तळहातावर इष्टलिंग. समोर गल्लीतल्या बाया भजन म्हणत होत्या. ऑपरेशनला महिना होतो न होतो तोच हे तासन्‌तास पूजेला बसलेत, म्हणून मला रागच आला. चपला काढून मी त्यांच्यापुढे जाऊन बसले, फॉर्म काढला आणि विचारलं, "आप्पा, पोटरी कशी आहे?"

कुणी मला अडवलं नाही. भजन चालूच राहिलं. आप्पांच्या अर्धवट मिटलेल्या पापणीवर माशी बसली, पापणी हलली नाही. मग त्यांच्या छातीवरून मागे नेऊन खिडकीच्या गजाला बांधलेला पंचा दिसला.

मी पेडगावची, लिंगायत नव्हे. आमच्याकडे माणूस गेला की आडवा ठेवतात. लिंगायतांमध्ये बसवून सजवतात आणि बसलेलाच पुरतात, हे ऐकून माहीत होतं, पाहिलं नव्हतं. फॉर्म मी घाईने पर्समध्ये कोंबला.

त्यांची बायको शेजारी येऊन बसली. मी त्यांच्याशी बोलले यात तिला काही वावगं वाटलं नव्हतं. सकाळपासून येणारा प्रत्येक जण त्यांच्याशी बोलतच होता.

"पहाटं च्या मागितला, अन् दम लागायलाय म्हनले. कप हातात द्यायच्या आत समदं संपलं," ती म्हणाली. "मॅडम यायच्यात म्हनून काल दाढी केली हुती. येवढी जखम बगून घ्या."

तिनेच सदरा वर केला. टाक्यांची रेघ सरळ, कोरडी, सुबक होती. इतकी सुरेख भरलेली जखम मी वर्षभरात पाहिली नव्हती. सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मला आनंद झाला. मग नजर खाली गेली. मांडी घातलेल्या पायांतली डावी पोटरी उजवीच्या दीडपट झाली होती.

भजन थांबलं. सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या.

"टाके नीट हायेत न्हवं?" तिने विचारलं. "ते आपरेशनला न्हाईच म्हनत हुते. मीच दवाखान्यात धाडलं. आता भावकी मला बोल लावायलीय."

"टाके नीट आहेत," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते.

"ऐका, मॅडम सांगायल्यात," ती सगळ्यांना ओरडून म्हणाली आणि तिला रडू फुटलं. मग ती वाकून माझ्या पाया पडली, आणि मी पडू दिलं.