तीन वर्षांच्या आतली निळी गाडी

इंग्लंडात बावीस वर्षं काढून माझी धाकटी बहीण पुण्याला कायमची परत यायची ठरली, तेव्हा तिने आणायच्या सामानाची यादी पाठवली. पुस्तकं, शिलाई मशीन, दोन रजया आणि सगळ्यात शेवटी, भाजीवर कोथिंबीर मागावी तसं, 'गाडी?'

ही बातमी मी कोणालाही सांगितली नाही. बायकोने फक्त जिन्यात सांगितली. दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीचे अध्यक्ष दारात हजर. "परदेशी गाडी म्हणजे इमारतीची शोभा वाढणार," म्हणाले. याच गृहस्थांनी शोभेच्याच मुद्द्यावर माझी तुळशीची कुंडी जिन्यातून हलवली होती. मी त्यांना बहिणीने पाठवलेला फोटो दाखवला. लहानशी, निळी, बटाट्यासारखी गोल गाडी. तशाच गाड्या नारायण पेठेत प्रत्येक बोळात उभ्या असतात, फक्त पांढऱ्या. "बरी आहे," अध्यक्ष म्हणाले. नापसंत स्थळाचा फोटो परत करताना जो आवाज लागतो, त्या आवाजात.

तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची हयात मुंबई बंदरात आयातीची कागदपत्रं करण्यात गेलेली. त्यांच्याकडून नियम कळले. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली हवी, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि कर गाडीच्या किमतीपेक्षा जास्त.

"अहो, हे म्हणजे गाडीचं दुसरं लग्न लावून देणं," ते म्हणाले. "पहिल्यापेक्षा खर्चिक, आणि वऱ्हाडी सगळे सरकारी."

गाडीला अडीच वर्षं उलटून गेली होती. बोटीचे दिवस धरले, तर महिन्याभरात काय ते ठरवायला हवं होतं. मला ठरवण्यासारखं काही दिसतच नव्हतं. रविवारी मी बहिणीला व्हिडिओ कॉल लावला आणि कर, कागद, खड्डे असं सगळं क्रमाने सांगून शेवटी म्हणालो, "आणि इथे तुला गाडी लागतेच कशाला? मी आहे ना! कुठे जायचं ते सांग, मी सोडतो."

पलीकडे तिने सामानाच्या यादीचा कागद उचलला आणि त्याची घडी घातली.

"बघते," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

बायको मटार सोलत होती. "अहो, काय बोललात ते कळलं का तुम्हाला?"

"सोय सांगितली."

"तिला गाडी आणायची हौस नाहीये. तिला इथे येऊन पुन्हा तुमच्या मागे बसायचं नाहीये."

मीही मटाराची एक शेंग उचलली. पुण्यात मुली दुचाकी चालवतात यात नवल ते काय. पण आमच्या घरातली चालवत नव्हती. शिकताना एकदा ती स्कूटरवरून पडली. तिला जेवढं लागलं, त्याहून जास्त स्कूटरला लागलं. वडिलांनी आणि मी मिळून शिकवणी बंद केली. पुढे कॉलेज, क्लास, मैत्रिणीचं लग्न, नोकरीची मुलाखत, सगळीकडे तिला मी सोडत राहिलो. घरात याला माझा त्याग म्हणत, आणि मी नम्रपणे ते म्हणू देत असे. गाडी ती तिकडे जाऊन शिकली, चाळिशीत. तीनदा नापास झाली, हे तिने चौथ्यांदा पास झाल्यावर कळवलं. मी उत्तर दिलं होतं, 'कशाला एवढा त्रास घेतलास?'

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी ती घराच्या कागदांसाठी आठवडाभर आली. येताना आंतरराष्ट्रीय परवाना करून घेऊन आली, त्यावरून काय ते समजावं. वाघोलीला मैत्रिणीकडे जायचं होतं. मी माझ्या जुन्या गाडीची किल्ली पुढे केली आणि शेजारी बसलो. शेजारी बसायला नको होतं, हे नंतर कळलं.

पहिल्याच झेब्रा क्रॉसिंगला एक आजोबा उभे दिसले. ती थांबली. आजोबा हलेनात. तिने हाताने 'या' म्हटलं, त्यांनी हाताने 'जा' म्हटलं. मागे हॉर्न सुरू झाले. एक स्कूटरवाला खिडकीशी आला.

"मॅडम, बंद पडली का? धक्का मारू?"

"नाही हो, त्यांना जाऊ देतेय."

"आजोबा, जा की! तुमच्यासाठी थांबल्यात!"

"मी कुठे जातोय?" आजोबा ओरडले. "मी रिक्षाची वाट बघतोय!"

ती हसत सुटली, आणि हसताहसताच गाडी पुढे निघाली. नदीचा पूल यायच्या आत एका टेम्पोने घासत डावीकडचा आरसा फटकन मिटवला आणि वर काळा डाग ठेवला. तिचा चेहरा उतरला.

"दादा, आरसा!"

"तो रोजच मिटतो." मी काच खाली करून तो उघडला.

पूल संपला. मग ती म्हणाली, "माझी निळी असती, तर मी आत्ता रडले असते."

"डाग पुसला की जातो."

"तेच ना. तुम्ही सगळे तिला पुसत बसला असता आणि मी झाकून ठेवली असती. एवढी आणायची आणि चालवायची नाही." सिग्नलला तिने गाडी थांबवली. "तिकडेच विकते. इथे अशी एक घेते, आधीच चेपलेली."

"माझ्या ओळखीचा एक—"

"मी शोधेन."

ओळखीचा माणूस मी सोडून दिला, पण पाय ऐकेना. निघाल्यापासून तो नसलेला ब्रेक दाबत होता. येरवड्याला तिने गाडी शिस्तीत कडेला घेतली. "दादा, तू उतरतोस का इथे? तुझा पाय बघून मला धडधडतंय."

मी उतरलो. तिने आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, आणि मागचं कोणीही त्याची दखल घेत नसताना ती रहदारीत शिरली.

मी बसने घरी आलो. तास-दीड तासाने तिचा फोन आला. ती चुकून लोहगावकडे गेली होती, दोनदा वळून परत आली होती, एका पेरूवाल्याला रस्ता विचारून पेरूही घेतले होते. एवढ्या आनंदाने रस्ता चुकलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. 'मला का नाही विचारलंस' हे अगदी ओठांवर आलं होतं. मी विचारलं, "पेरू कसे निघाले?"