कॅसेटवरची तीन नावे

मारुतीरावांची आणि माझी पहिली भेट चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत झाली. मी नुकताच कामाला लागलो होतो. डबा संपवून झाकणावर दोन चमच्यांनी ठेका धरला होता. पलीकडच्या खात्यातले एक सडपातळ फिटर उठून आले आणि म्हणाले, "हात चांगला हाय तुमचा. पण घाई लई करता. गाणाऱ्याला श्वास घेऊ द्या की." ते माझ्याहून वयाने आणि हुद्द्याने मोठे. तरीही मला 'तुम्ही' म्हणणारे त्या कारखान्यातले ते पहिले.

मारुतीराव पाचोडकडच्या मेंढपाळ घरातले. भंगारात निघालेले एक अॅकॉर्डियन त्यांनी स्वतःच्या हातांनी दुरुस्त केले होते. औरंगपुऱ्यात रेडिओ दुरुस्त करणारे युनूसभाई गिटार वाजवीत. मारुतीराव गात. मी ड्रम धरले आणि 'गुलमोहर' हा आमचा तिघांचा बँड उभा राहिला. सगळीकडे वेगवान नाचगाण्यांचा धडाका सुरू असताना मारुतीराव मात्र वीस वर्षांपूर्वीच्या नाचाच्या संथ चाली बांधत. आमचे अरुंद टाय आणि जुन्या घाटाचे कोट पाहून लोक हसत. "बापाच्या लग्नातले कोट घातले का?" असे एकाने विचारले, तेव्हा मारुतीराव शांतपणे म्हणाले, "व्हय. बापाच्या लग्नाला कोट नव्हता, म्हणून आता घातला."

पुढे विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. गावातल्या आमच्या दलित वस्तीवरही हल्ला झाला. घर जळाले. आई-वडील अंगावरच्या कपड्यांनिशी शहरात आले. माझी स्वतःची खोली नव्हती. मी कामगारांबरोबर दाटीत राहत होतो. मारुतीरावांनी आई-वडिलांना आपल्या एका खोलीच्या घरी नेले. आई उंबऱ्याशीच थबकली. तेव्हा मारुतीरावांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "मावशी, आत या. भाकरी तुम्हीच थापा. माझ्या जाड व्हतात, यांना आवडत नाय." आई चुलीपाशी बसली. पदराने डोळे पुशीत तिने भाकऱ्या थापल्या. चार महिने माझे आई-वडील त्या घरी राहिले. गावाकडच्या भाऊबंदांनी मारुतीरावांशी बोलणे टाकले. हे मला फार उशिरा, तेही वहिनींकडून कळले.

काही वर्षांनी कॅसेटचा जमाना आला. नामांतराचा लढा अजून चालूच होता. एका सुट्टीच्या दुपारी युनूसभाईंच्या दुकानावरच्या खोलीत, खिडक्यांना गाद्या लावून आम्ही आमची सहा गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यातले एक पहिल्या पाळीला निघालेल्या नवऱ्याचे होते, एक दौलताबादला सीताफळे घ्यायला निघालेल्या जोडप्याचे. दुसऱ्या गाण्यात मध्येच एका रिक्षाचा भोंगा ऐकू येतो. तो काढता आला नाही.

कॅसेट काढायला एक व्यापारी तयार झाले. गाणी त्यांना आवडली होती. वेष्टनावरची नावे वाचताना मात्र ते माझ्या आडनावापाशी थांबले. "तेवढं एक नाव गाळा," ते म्हणाले. "वातावरण तंग आहे. खेड्यातले दुकानदार माल ठेवणार नाहीत."

मीच घाईने म्हणालो, "गाळा. माझी हरकत नाय." हे वाक्य आजही मला टोचते. आमच्या वस्तीतली माणसे विद्यापीठाच्या एका नावासाठी तुरुंगात जात होती आणि मी स्वतःचे नाव सोडून द्यायला निघालो होतो.

मारुतीरावांनी माझ्याकडे पाहिले. "यांची हरकत नसंल, माझी हाय," ते व्यापाऱ्याला म्हणाले. युनूसभाईंनी पुस्ती जोडली, "काटना है तो तीनों के काटो. फिर बेचो, कौन लेता देखते." व्यापारी हसले आणि त्यांनी फीत परत दिली. ती कॅसेट बाजारात कधीच आली नाही. युनूसभाईंनी थोड्या प्रती काढल्या आणि मारुतीरावांनी प्रत्येकीवर तिन्ही नावे स्वतःच्या अक्षरात लिहिली. आम्ही त्या ओळखीपाळखीत वाटल्या.

पाळ्या बदलल्या, संसार वाढले, बँड थांबला. युनूसभाई आज आपल्यात नाहीत. मारुतीरावांचा हा अमृतमहोत्सव पाहायला ते हवे होते. मारुतीराव फिटर म्हणूनच निवृत्त झाले. त्यांना गायक म्हणून ओळखणारी माणसे या शहरात फार थोडी आहेत; या गौरवग्रंथाने ती वाढली, तर आम्हा सर्वांच्या श्रमाचे चीज होईल.

त्या व्यापाऱ्यापुढे मी जे बोललो, त्याचा विषय त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही काढला नाही. मीही कधी आभार मानले नाहीत. समोरासमोर ते मला जमले नसते, म्हणून आज या पानावर मानतो. मारुतीराव, पंच्याहत्तरीतही आपण रोज सकाळी अॅकॉर्डियन घेऊन बसता, असे वहिनी सांगतात. त्याचा भाता ओढायला लागणारे बळ आपल्या दंडांत आणि गायला लागणारा श्वास आपल्या छातीत शंभरी ओलांडेपर्यंत राहो. वहिनींची साथ तितकीच राहो. आणि ठेक्याला माणूस लागेल, तेव्हा निरोप धाडावा. मी येईन.